चैत्र-वैशाखातील पाखरे: नांदूर मध्यमेश्वर ते कर्नाळा

महाराष्ट्रात पक्षिनिरीक्षणाचा हंगाम म्हटला की बहुतेकांना डिसेंबर-जानेवारी आठवतो. त्या दिवसांत जलाशय स्थलांतरित बदकांनी भरलेले असतात आणि पहाटेच्या धुक्यात दुर्बिणी घेऊन गटच्या गट बाहेर पडतात. होळी झाली की हे गट पांगतात, आणि पक्ष्यांच्या वर्षातला सर्वांत घडामोडींचा काळ पाहायला फारसे कोणी उरत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. मार्च संपता संपता हिवाळी पाहुणे परतीच्या तयारीला लागतात, एप्रिलच्या उन्हात माळावरचे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, मे महिन्यात कोकणातल्या रानातील उरलेसुरले पाणवठे गजबजतात आणि पहिल्या सरींच्या आगेमागे नवरंग आणि तिबोटी खंड्या हजर होतात. हा सगळा क्रम एका हंगामात सलग पाहावा, ठिकाणे मोजकी ठेवावीत आणि प्रत्येक ठिकाणी भटकण्यापेक्षा बसून राहावे, असे मी आणि माझ्या एका जुन्या मित्राने या वेळी ठरवले होते.

२६ मार्च, नांदूर मध्यमेश्वर

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्या जिथे एकत्र येतात, तिथल्या बंधाऱ्यामागे शंभराहून अधिक वर्षे गाळ साचत आला आहे. धरणाच्या दृष्टीने हा दोष असला, तरी त्यातूनच उथळ पाणी, गाळाची बेटे आणि पाणकणसाची दाट बने तयार झाली आणि पक्ष्यांना हवी तशी पाणथळ जागा घडत गेली. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र ठरले.

आम्ही दुपारी उशिरा चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचलो. चक्रवाक आणि पट्टकादंब केव्हाच उत्तरेकडे निघून गेले होते, त्यामुळे हिवाळ्यात येऊन गेलेल्या माणसाला हे पाणी ओकेबोके वाटले असते. पण काठाच्या चिखलात दुर्बीण फिरवताच एक नर पिवळ्या डोक्याचा धोबी दिसला आणि आमचा बराच वेळ तिथेच गेला. हिवाळाभर हा पक्षी मळकट करडा-पिवळा असतो. आता त्याचे अख्खे डोके, गळा आणि छाती झळझळीत पिवळी झाली होती आणि मानेमागे काळा पट्टा उमटला होता. पंखाजवळ मात्र दोन-चार जुनी, विटकी पिसे अजून गळायची होती. हा विणीचा वेश तो इथे अंगावर चढवतो आणि मध्य आशियातल्या ओल्या कुरणांत जाऊन मिरवतो, त्यामुळे आपल्याकडे तो पुरता पाहायला मिळण्याचे दिवस थोडेच असतात. पलीकडे उथळ पाण्यात पाणटिवळ्यांचा एक थवा चोची मुळापर्यंत खुपसून चरत होता आणि त्यातल्या काहींच्या मानेवर विटकरी रंग चढू लागला होता.

२७ मार्च, नांदूर मध्यमेश्वर

उजाडण्यापूर्वीच पाण्यावर बसलेली भुवई बदके आणि थापटे मोजायला घेतले, पण ते एका जागी ठरत नव्हते. एक तुकडी उठायची, पाण्यावर दोन-तीन मोठे फेरे घ्यायची आणि पुन्हा त्याच जागी उतरायची. लांबच्या प्रवासापूर्वी दिवसमान वाढत जाते तशी पक्ष्यांच्या शरीरात संप्रेरकांची उलथापालथ होते, ते अधाशासारखे खाऊन चरबी साठवतात आणि त्यांच्यात अशी अस्वस्थता दिसू लागते. बदके बहुधा रात्री निघतात, म्हणून त्यांचे निघणे दिसत नाही, त्याची ही पूर्वतयारी तेवढी दिसते.

ज्यांना कुठे जायचे नाही त्यांचे चित्र वेगळे होते. पाणकणसाच्या बनातून जांभळ्या पाणकोंबड्यांचा गलका सतत येत होता. एक पाणकोंबडी लांब बोटांच्या पंजात देठ धरून, तो चोचीपर्यंत उचलून त्याचा मऊ गाभा खात होती. मोर शराटींचे पंख ऊन वर आल्यावर तांबूस-हिरवे चमकू लागले. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी बनावरून खाली घसरत गेला की हे सगळे एकदम हवेत उडायचे, आणि आमची मोजदाद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. जलपर्णीने नदीचा मोठा पट्टा व्यापला आहे. उघडे पाणी कमी झाले की बुडी मारणाऱ्या बदकांना जागा उरत नाही, म्हणून ती काढण्याचे काम दरवर्षी नेटाने व्हायला हवे.

१२ एप्रिल, मयूरेश्वर अभयारण्य, सुपे

बारामती तालुक्यातील हे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे. लोक इथे चिंकारा पाहायला येतात, आणि चिंकारे दिसतातही. आम्हाला माळ पाहायचा होता. एप्रिलमध्ये गवत वाळून पिवळे झालेले असते, मधूनमधून मुरूम उघडा पडतो आणि सकाळी आठनंतर जमिनीवरची हवा थरथरू लागते. अशा ठिकाणी पायी फिरले की पक्षी पळतात, गाडी मात्र ते फारशी मनावर घेत नाहीत. म्हणून एका छोट्या पाणवठ्यापासून पुरेसे अंतर ठेवून आम्ही गाडीतच बसून राहिलो.

सुरुवात डोंबारी चंडोलांनी केली. नर हवेत सरळ वर चढतो, पंख मिटून शिट्टी घालत खाली झेपावतो, जमिनीला टेकणार असे वाटत असतानाच पुन्हा वर उसळतो आणि अशा काही उसळ्या मारल्यावर एखाद्या ढेकळावर बसतो. मादी मातीच्या रंगाची असते, ती हलल्याशिवाय दिसत नाही. नराच्या पोटाखालचा काळा रंग मात्र या उड्डाणात दुरूनही स्पष्ट दिसतो.

थोड्या वेळाने एक माळटिटवी पाण्याकडे आली. पाणी न पिता ती पायांच्या सांध्यापर्यंत आत गेली, पोट पाण्यात टेकवून शरीर डावीउजवीकडे हलवू लागली आणि पिसे निथळत असतानाच थेट उडून साधारण ऐंशी पावलांवर उतरली. तिथून ती दोन-चार पावले धावली, थांबली, मान उंचावून इकडेतिकडे पाहिले, आणि एका जागी पाय किंचित फाकवून खाली बसली. मोठ्या दुर्बिणीतून पाहिल्यावर तिच्या पोटाखाली खड्यांच्या कडेने आखलेला उथळ खळगा आणि त्यात मातकट, काळसर ठिपक्यांची अंडी दिसली. उन्हात तापलेल्या मुरमावर उघडी अंडी फार वेळ टिकत नाहीत, आतला जीव उष्णतेने मरतो. म्हणून या दिवसांत टिटव्या, चिखल्या आणि सुरय अंडी उबवण्याइतकीच ती थंड ठेवण्याची मेहनत करतात. भिजलेल्या पोटाचा ओलावा अंड्यांवर पोहोचतो आणि पक्ष्याची सावलीही पडते. जोडीतला दुसरा पक्षी आला, जागा बदलली, आणि पहिला पुन्हा पाण्याकडे गेला. ऊन चढत गेले तसतशा या फेऱ्या वाढत गेल्या. पाणवठ्याशी कोणी ठाण मांडून बसला, तर या पक्ष्यांना पाण्यावर येता येत नाही आणि तिकडे अंडी तापत राहतात. उन्हाळ्यात पाण्यापासून अंतर राखण्याचे कारण मला इतके स्वच्छ कुठल्याही सूचनाफलकाने समजावले नव्हते.

नऊच्या सुमारास पखुर्ड्या आल्या. त्यांचा आवाज आधी ऐकू येतो, मग टोकदार शेपट्यांचा थवा वेगाने येऊन पाण्यापासून जरा लांब उतरतो आणि चालत काठाशी जातो. पिणे काही सेकंदांत उरकते. एक नर मात्र मागे राहिला आणि पोटाची पिसे फुलवून पाण्यात बसला. पखुर्डीच्या नराच्या पोटावरील पिसांची रचना पाणी धरून ठेवणारी असते. तो ते पाणी पिसांत घेऊन पिलांपर्यंत उडत जातो आणि पिले त्याच्या पोटाखाली चोची घालून ते पितात. पिले आम्हाला दिसली नाहीत. तो ज्या दिशेने गेला तिकडे जाऊन शोध घ्यावा, असा विचारही करू नये. धाविकांची जोडी परतताना रस्त्याच्या कडेला दिसली. चपळ धाव, मग एकदम थांबणे, मग पुढे वाकून किडा टिपणे, असा त्यांचा क्रम गाडी जवळ येईपर्यंत चालू होता.

सरकारी दप्तरात आणि आपल्या बोलण्यातही असा माळ ‘पडीक’ ठरतो आणि पडीक जमिनीचे भले करायचे म्हणून तिथे झाडे लावली जातात, चर खणले जातात. डोंबारी चंडोल, धाविक आणि पखुर्डी यांना झाडांची गरज नाही, त्यांना मोकळी जमीन आणि विरळ गवत लागते. सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले आणि आज तिथे माळढोक दिसणे जवळपास थांबले आहे. माळ गेला की माळाचा पक्षी जातो, हे इतक्या जवळच्या उदाहरणावरून तरी आपण शिकायला हवे.

१३ एप्रिल, भिगवण

उजनी धरणाचा फुगवटा भिगवणच्या परिसरात पसरला आहे. हे अधिकृत अभयारण्य नाही, पण कुंभारगावच्या मच्छीमार कुटुंबांतील तरुणांनी होडीतून पक्षी दाखवण्याचे काम अनेक वर्षांत असे सांभाळले आहे, की पक्ष्यांची ओळख आणि त्यांच्याविषयीची काळजी या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडून शिकाव्यात. एप्रिलमध्ये पाणी उतरते, गाळाचे उंचवटे उघडे पडतात आणि त्यांवर नदी सुरय, आर्ली, शेकाटे आणि कंठेरी चिखले वीण करतात. रोहित पक्षी अजून मुक्कामाला होते. माना खाली घालून, चोची उलट्या धरून ते पाण्यातील बारीक खाद्य गाळत पुढे सरकत होते.

एका लांबट बेटाजवळ येताच आमच्या होडीवाल्या दादांनी वल्हे थांबवले. माझ्या मित्राने थोडे पुढे नेता येईल का, असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, “नाही सर, इथनं पुढं होडी नेत नाही. आपण जवळ गेलो की सगळी सुरय उठणार, अन् तेवढ्या वेळात अंडी उन्हानं जातात, नाहीतर कावळे नेतात.” बोलणे सौम्य असले तरी त्यात फेरविचाराला जागा नव्हती, आणि ते अगदी योग्य होते. त्या अंतरावरूनही पिवळीधमक चोच आणि काळी टोपी असलेले नदी सुरय अंड्यांवर बसलेले दिसत होते. त्यांतला एक उठून पाण्याला पोट घासत गेला आणि ओलाच परतून पुन्हा अंड्यांवर बसला. आदल्या दिवशीची माळटिटवी आम्हा दोघांनाही त्याच क्षणी आठवली.

आर्ली या छोट्या, राखी पक्ष्यांचा थवा सायंकाळी पाण्यावरचे किडे पकडू लागला, तेव्हा तो पाकोळ्यांचा आहे असे कोणालाही वाटावे.

१४ एप्रिल, भादलवाडी

भिगवणजवळच्या भादलवाडी तलावात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत असते. दुपारी मुद्दाम गेलो, कारण वसाहतीतले खरे काम उन्हातच दिसते. घरट्यांत पांढरी पिले होती आणि प्रत्येक घरट्यात एक प्रौढ पक्षी सूर्याकडे पाठ करून, पंख अर्धवट पसरून उभा होता. सूर्य सरकेल तसा तो पायही सरकवत होता, म्हणजे पिले कायम सावलीत राहतील. प्रौढांच्या पायांवर पांढरे ओघळ होते. करकोचे उन्हाळ्यात स्वतःच्या पायांवर विष्ठा सोडतात, तिच्यातील पाण्याचे बाष्पीभवन होऊन पायांतले रक्त थंड होते. जोडीदार मासे घेऊन आला की पिले माना वर करून घोगरा ओरडा करत आणि तो खाद्य घरट्यात ओकून टाकी.

१६ मे, फणसाड अभयारण्य

रायगड जिल्ह्यात मुरूड आणि रोहा यांच्या दरम्यान पसरलेले हे जंगल पूर्वी जंजिरा संस्थानचे शिकारीचे रान होते आणि १९८६ मध्ये अभयारण्य झाले. इथल्या बारमाही पाणवठ्यांना स्थानिक लोक गाण म्हणतात. चिखलगाण, धरणाची गाण ही नावे वनरक्षकांच्या बोलण्यात घरच्या माणसांसारखी येतात. मे महिन्यात ओढे आटलेले असतात, पानगळीची झाडे उघडी पडतात आणि जे काही सदाहरित शिल्लक आहे ते या पाण्याभोवती उरते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची गणना करतात ती याच कारणासाठी. पक्ष्यांसाठी मात्र सकाळ आणि टळटळीत दुपार महत्त्वाची.

सुपेगावच्या बाजूने आत शिरून, वनरक्षकांनी दाखवलेल्या जागी, गाणीपासून दूर एका झुडपाआड आम्ही सकाळी सातला बसलो. पहिला तास काहीच आले नाही. आपण स्वस्थ बसलो आहोत याची रानाला खात्री पटायला तेवढा वेळ लागतोच, आणि तो देण्याची तयारी नसलेल्याने फणसाडला येऊ नये. मग पाचू कवडा चालत आला, पाण्याच्या कडेला थांबला आणि मान वर न करता एका दमात पाणी ओढून घेतले. बहुतेक पक्षी घोट भरून मान वर करतात, कबुतर-कवड्यांना त्याची गरज पडत नाही. त्यामागून नारिंगी डोक्याचा कस्तूर उतरला. सह्याद्रीतल्या या उपजातीच्या पांढऱ्या गालावर डोळ्याखालून दोन काळ्या उभ्या रेघा असतात. तो पाचोळा एकेक पान उलटून बाजूला टाकत पाण्यापर्यंत आला, पंख भिजवून मनसोक्त अंघोळ केली आणि जवळच्याच फांदीवर बसून पिसे साफ करू लागला.

दुपारी गर्दी वाढली. नीलमणीची जोडी पाण्यावर क्षणभर टेकून वर उडायची आणि पुन्हा टेकायची. स्वर्गीय नर्तकाचा नर दोन लांब पांढऱ्या फिती सांभाळत पाण्यावर झेपावला. पाण्याचा स्पर्श छातीला होत होता, शेपटी मात्र प्रत्येक वेळी कोरडी राहत होती. भृंगराजाने शिक्रा या शिकारी पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढला, सगळे पक्षी पानांत दडले आणि तो एकटाच खाली उतरला. त्याने हे मुद्दाम केले असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण त्या क्षणी पाणी त्याला एकट्याला मिळाले, एवढे आम्ही पाहिले.

उतरत्या उन्हात एक पांढऱ्या पाठीचे गिधाड फार उंचावरून घिरट्या घेत गेले. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे ही जाती देशात नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर बंदी आली. फणसाडमध्ये वनविभाग मेलेली जनावरे आणून गिधाडांसाठी खाद्याची सोय करतो. दर वर्षी इथे एखादे जरी गिधाड दिसले तरी मी ती नोंद सर्वांत वर लिहितो.

१७ मे, फणसाड

पहाटे ढग होते. उजाडण्याच्या सुमारास दोन सुरांची स्वच्छ शीळ आली, मग लांबून दुसरी: नवरंग. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून हे पक्षी विणीसाठी वर सरकतात. पाऊस जवळ आला की त्यांची शीळ आमच्या रानात सुरू होते. आवाजाच्या दिशेने आम्ही गेलो नाही. मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला उघड्यावर आणण्याची रीत आता फार फोफावली आहे. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून तो पक्षी खाणे आणि घरटे सोडून धावत येतो, आणि रोज नवा गट आला की रोज हेच घडते. मी याला निरीक्षण म्हणायला तयार नाही. वाट पाहिल्यावर तो आपणहून पायवाटेवर आला, पाचोळ्यातून गांडूळ ओढले, आखूड शेपटी वरखाली हलवली आणि उडताना पंखांतला निळा रंग दाखवून गेला.

३१ मे, कर्नाळा

१९६८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य पनवेल तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. वाहनांचा आवाज हरियाल निसर्गमार्गावर बराच आतपर्यंत सोबत करतो. मृग लागायला आठवडा होता आणि वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या होत्या. पावशाने पहाटेपासून ‘पेरते व्हा’चा धोशा लावला होता. सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालायची त्याचीही घाई हीच. उंबराच्या एका फळलेल्या झाडावर कुटुर्गे, हळद्या आणि राज्यपक्षी हरियाल दिवसभर येत-जात होते.

१ जून, कर्नाळा

सकाळी मोरटाक्याच्या वाटेवर ओढ्याच्या ओल्या दरडीशी एक झगझगीत, चिमणीपेक्षाही लहान पक्षी सरळ रेषेत येऊन धडकला आणि परत फांदीवर जाऊन बसला. तो तिबोटी खंड्या होता, रायगडचा जिल्हापक्षी. जोडीतला दुसराही तेच करत होता: उडत येऊन चोचीने माती उडवायची, परत जायचे, पुन्हा यायचे. कोकणात हे पक्षी पावसाच्या तोंडावर येतात आणि माती मऊ झाली की असे बिळासारखे घरटे खोदू लागतात. दरड पायवाटेपासून फारच जवळ होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना त्रास देणेही ‘शिकार’ या शब्दात मोडते, हे कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते.

दोन-तीन मिनिटे पाहून आम्ही मागे फिरलो आणि फाटकावरच्या वनरक्षकांना जागा सांगितली. ते लगेच आमच्याबरोबर आले, लांबूनच दरड पाहिली आणि म्हणाले, “आजच इथं दोरी बांधतो. वाट वरच्या अंगानं फिरवून घेऊ.” आम्ही वहीत ‘कर्नाळा, तिबोटी खंड्या, जोडी, दरड उकरताना’ एवढेच लिहिले. ओढ्याचे नाव आणि जागेची खूण नोंदवली नाही, आणि त्या जोडीचे छायाचित्रही काढले नाही.